पैसा कोणाच्या वाटेने चालतो? मुळशीच्या सावकारापासून मोबाईलमधल्या ॲपपर्यंत



एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत जयंतीच्या वर्गणीची बैठक बसते. मुळशी तालुक्यातल्या एका वस्तीत अशीच बैठक चालू होती. पूर्वी आम्ही पावती पुस्तक आणि पत्र्याचा डबा घेऊन घरोघरी फिरायचो. यंदा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "डबा कशाला काका? क्यूआर कोड लावू. लोक घरबसल्या पैसे टाकतील." सगळ्यांना पटले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारले, "पण बाळा, ते पैसं बँकेत जात्यात, का त्या कंपनीत?"

पोरगा गप्प झाला. खरे सांगतो, मीही गप्प झालो. रोज दहा वेळा मोबाईलवरून पैसे देणारे आम्ही. पण पैसा कोणत्या वाटेने जातो आणि त्या वाटेचा मालक कोण, हे आम्हाला सांगता आले नाही.

आजींचा प्रश्न आजचा नाही. बहुजनांच्या घामाचा पैसा कोणाच्या हातातून जातो आणि त्या हाताला तो कुठे अडवता येतो, हा प्रश्न या मातीत दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

खजिना वाहणारा आणि रोख न पाहणारा

गावगाड्यात महाराच्या वतनी कामांची यादी मोठी होती. त्यातले एक काम असे, की गावचा सरकारी वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोहोचवायचा. म्हणजे अख्ख्या गावाचा पैसा त्याच्या सोबतीने आणि त्याच्या जबाबदारीवर रानावनातून जाई. पण त्याला स्वतःला मोबदला काय? बलुते. खळ्यावरचे धान्य, तेही पाटलाच्या आणि शेतकऱ्याच्या मर्जीवर. ज्याच्या प्रामाणिकपणावर गावाचा खजिना चाले, त्याच्या कामाला रोख दाम नव्हता.

हे सहज घडलेले नाही. रोख पैसा माणसाला मोकळे करतो. तो घेऊन दुसऱ्या गावी जाता येते, दुसऱ्या दुकानात जाता येते, मालकाला नाही म्हणता येते. धान्याच्या पेंढीत ती ताकद नसते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. गुलामीची गाठ मोबदल्याच्या पद्धतीत आहे, हे त्यांनी ओळखले होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने संपायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले.

आणि हातात रोख पैसा आला तरी काय होई? दुकानदाराला तो लांब ठेवून द्यावा लागे. दुकानदार पाणी शिंपडून नाणे उचली. नाण्यावर राजाचा शिक्का, पण त्याचा विटाळ जातीवर ठरे.

वही ज्याची, सत्ता त्याची

शूद्र शेतकऱ्याची गत वेगळी, पण सुखाची नव्हती. त्याच्या गळ्यात सावकाराची वही होती. ब्रिटिशांनी सारा रोखीत मागितला. पीक हातात येण्याआधी हप्ता भरायचा, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारात गेला. कर्ज किती घेतले, व्याज किती, फेडले किती, हे सगळे सावकाराच्या वहीत. लिहिणारा तो, वाचणारा तो आणि कोर्टात पुरावा म्हणून दाखवणाराही तोच. शेतकऱ्याकडे फक्त अंगठा.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावात हा राग फुटला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते बाहेर काढून जाळली. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. लक्षात घ्या, लोकांचा मुख्य रोख कागदावर होता. आपल्याला बांधून ठेवणारी दोरी कागदाची आहे, हे अक्षरशत्रू शेतकऱ्याला बरोबर कळले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा केला. त्याच काळात महात्मा फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. विद्येअभावी शूद्रांची गत काय झाली, हे त्यांनी सांगितले. वही वाचता न येणे ही त्याच अविद्येची रोजची शिक्षा होती.

पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवायचा तरी तीच मंडळी. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरायची, सराफ हुंडी लिहून देणार, दुसऱ्या शहरातला त्याचा आडत्या ती वटवणार. व्यवस्था हुशारीची होती, यात वाद नाही. पण ती नात्यागोत्यावर आणि जातीतल्या पतीवर चाले. ज्याला पेढीची पायरी चढता येत नाही, त्याला हुंडी कोण देणार? पैसा पाठवण्याची वाट खाजगी होती आणि तिच्या नाक्यावर जात बसली होती.

मुळशीचा मोबदला कुठे गेला?

आता आपल्या मुळशीकडे या. मुळा नदीवर टाटा कंपनीचे धरण होणार, मुंबईला वीज मिळणार आणि मावळातली गावे बुडणार. याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांपैकी एक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मावळ्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला.

पण तो लढा आतून का फुटला, हे आपल्याला कमी सांगितले जाते. मुळशी खोऱ्यातली बरीच जमीन तोवर पुण्याच्या ब्राह्मण सावकार-जमीनदारांच्या नावावर गेली होती. कसणारा मावळा, कागदावरचा मालक पुण्यात. कंपनीने मोबदल्याची तयारी दाखवली तेव्हा या जमीनदारांना तडजोड सोयीची वाटली. मोबदला नावावर मिळतो आणि नाव तर वहीतून आधीच बदलले होते. कुळाला काय मिळाले? आणि ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता, जो बलुत्यावर जगत होता, त्याच्या नुकसानीचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला गेला?

मुळशीचा धडा हा आहे. पैसा सरकारने देवो की कंपनीने, तो ज्या वाटेने येतो ती वाट दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर तो आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये काय लिहीत होते?

मुळशीत सत्याग्रह चालू होता त्याच वर्षांत बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयावर प्रबंध लिहीत होते. १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाला आणि त्यांना डी.एस्सी. मिळाली. मुळशी सत्याग्रहाशी त्या ग्रंथाचा थेट संबंध नाही. पण प्रश्नाचे मूळ एकच आहे.

त्या काळी केन्ससारखा अर्थतज्ज्ञ सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेत होता. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता. चलन किती काढायचे हे चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडले, तर तो ते वाढवणारच. मग रुपयाची खरेदीची ताकद घटते आणि झळ बसते ती मजुरी ठरलेल्या गरिबाला. म्हणून चलन काढण्याच्या सत्तेला नियमाचा पक्का लगाम हवा. चालक चांगला आहे यावर विसंबू नका, वाईट चालकालाही गैरवापर करता येणार नाही अशी व्यवस्था बांधा. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी हीच भूमिका साक्षीत मांडली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कामकाज सुरू झाले.

रिझर्व्ह बँकेचे संपूर्ण श्रेय एकाच ग्रंथाला देणारे संदेश आपण मोबाईलवर फिरवतो. बाबासाहेबांना अशा फुगवलेल्या श्रेयाची गरज नाही. त्यांचा विचार समजून घेतला तरी पुरे. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी हा विचार पुढे नेला. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी. ज्यावर सगळ्यांचे जगणे अवलंबून आहे ते काही मोजक्या मालकांच्या हाती सोडले, तर राजकीय लोकशाही पोकळ राहते, ही त्यामागची भूमिका.

सार्वजनिक वाट कशी बांधली गेली

पैशाची खाजगी वाट फोडणारी पहिली मोठी गोष्ट म्हणजे टपाल खात्याची मनीऑर्डर. १८८० साली ती सुरू झाली. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारा माणूस पेढीची पायरी न चढता घरी पैसा पाठवू लागला. कोकणातली आणि घाटावरची कितीतरी घरे त्या मनीऑर्डरवर उभी राहिली. फॉर्म सगळ्यांना सारखा, दर सगळ्यांना सारखा.

दुसरी गोष्ट, १९ जुलै १९६९ चे बँक राष्ट्रीयीकरण. चौदा बँकांत आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. बँक खेड्यात येऊ लागली. ती आपल्या वस्तीशी नेहमी सौजन्याने वागली असे मी म्हणणार नाही. पण ती सार्वजनिक होती, म्हणून तिच्या दारात मोर्चा काढता येत होता.

तिसरी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली. २००५ साली एनईएफटी आली, पण पैसे पोहोचायला वेळ लागे. २००८ साली रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिने २०१० साली आयएमपीएस आणली. या खात्यातून त्या खात्यात, काही क्षणांत, सुट्टीच्या दिवशीही. एप्रिल २०१६ मध्ये त्याच पायावर यूपीआय आले.

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. यूपीआयमध्ये पैसा तुमच्या बँक खात्यातून थेट समोरच्याच्या बँक खात्यात जातो. मधले ॲप फक्त खिडकी आहे. ते तुमचा निरोप आपल्या जोडीदार बँकेमार्फत कॉर्पोरेशनच्या यंत्रणेला देते, यंत्रणा दोन्ही बँकांना सांगते आणि एका खात्यात वजा, दुसऱ्यात जमा होते. पैसा ॲपच्या तिजोरीत कधीच पडत नाही. वॉलेटचे तसे नाही. वॉलेटमध्ये तुम्ही आधी कंपनीकडे पैसे भरून ठेवता आणि त्यावर व्याज मिळत नाही. नोटबंदीच्या दिवसांत रोख नसलेल्या लोकांना वॉलेटच्या रांगेत उभे केले गेले, हे विसरू नका. केनियात २००७ पासून चालणारी एम-पेसा तर टेलिफोन कंपनीचीच वाट आहे. गरिबाला सोय झाली, पण पैसे पाठवण्याचे शुल्क तो कंपनीला देत राहिला. आपल्याकडे ही वाट एका कंपनीची झाली नाही, कारण ती आधी सार्वजनिक बांधली गेली.

नाव भीमचे, नाका दुसऱ्याचा

३० डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीत पंतप्रधानांनी कॉर्पोरेशनचे स्वतःचे ॲप जाहीर केले आणि त्याला नाव दिले भीम, बाबासाहेबांच्या नावाने. पुढे १४ एप्रिल २०१७ ला नागपुरात अंगठ्याने पैसे देण्याची भीम-आधार योजना आली. टाळ्या झाल्या, आपल्यापैकी अनेकांचा ऊर भरून आला.

आज काय चित्र आहे? ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने एका महिन्यात १००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. त्यातले दर पाचांतले चार व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपमधून होतात. पहिल्याची मुख्य मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे, दुसरे गुगलचे. भीमचा वाटा एक टक्क्याच्या आसपासही पोहोचत नव्हता. कोणत्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत, असा नियम कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये काढला. त्याची मुदत आधी २०२४ अखेरपर्यंत आणि मग २०२६ अखेरपर्यंत पुढे ढकलली. रस्ता सार्वजनिक, पण नाक्यावर दोन कंपन्या. आणि नाव मात्र भीमचे! बाबासाहेबांचे नाव द्यायचे आणि त्यांचा विचार गुंडाळून ठेवायचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

काही मित्र म्हणतील, "ती ॲप चांगली चालतात, फुकट आहेत, भाजीवालीलाही वापरता येतात. तुम्हाला त्रास काय?" आक्षेप रास्त आहे. या ॲपनी यूपीआय गल्लीबोळात नेले, हे मान्य केलेच पाहिजे. सरकारी खिडकी रडतखडत चालायची, तेव्हा त्यांची खिडकी चालत होती. पण तीन गोष्टींचा विचार करा.

पहिली, अवलंबित्व. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि तिच्यावर विसंबलेली फोनपे सेवा त्या रात्री बंद पडली. ज्यांचे खाते दुसऱ्याच बँकेत होते, त्यांचेही ॲप चालेना. निम्मा देश दोन खिडक्यांवर उभा असेल, तर एक खिडकी बंद पडल्यावर काय होईल? ब्राझीलने वेगळा मार्ग धरला. तिथल्या मध्यवर्ती बँकेने जून २०२० मध्ये व्हॉट्सॲपची पैसे पाठवण्याची सेवा थांबवली, नोव्हेंबरमध्ये स्वतःची पिक्स यंत्रणा सुरू केली आणि मोठ्या बँकांना ती देणे बंधनकारक केले. व्हॉट्सॲपला परवानगी नंतर मिळाली, पण तोवर रस्त्यावर सार्वजनिक यंत्रणेचा पाय रोवला गेला होता.

दुसरी, नवी वही. जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग खाजगी कंपनी इतका खर्च कशासाठी करते? कारण तुम्ही कुठे, कधी, किती खर्च करता हे तिला कळते आणि त्या बळावर कर्ज, विमा, जाहिराती विकता येतात. सावकाराची वही निदान त्याच्या गादीवर दिसायची. आता ती दिसतही नाही. ऑनलाइन कर्जाच्या धंद्यात काय चालते, हे रिझर्व्ह बँकेच्याच कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितले. सुमारे ११०० कर्ज देणाऱ्या ॲपपैकी ६०० बेकायदेशीर निघाली. हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन, फोटो पसरवण्याची धमकी. सुप्याच्या शेतकऱ्याला जाळायला कागद तरी सापडला होता.

तिसरी गोष्ट आपली खास आहे. रोख पैशाला नाव नसते. यूपीआयने पैसे दिले की समोरच्याच्या पडद्यावर तुमचे बँकेतले पूर्ण नाव उमटते, आडनावासकट. नाण्यावर पाणी शिंपडायची गरज उरली नाही, पण जात आता पडद्यावर वाचता येते. भाड्याची खोली शोधणाऱ्या, खानावळीत पैसे देणाऱ्या आपल्या मुलामुलींना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि शेऱ्याच्या जागी "भीमजयंती वर्गणी" लिहून शंभर घरांनी एकाच कोडवर पैसे टाकले, तर वस्तीची अख्खी यादी आपणच कंपनीला लिहून दिली. भीम ॲपवरही नाव उमटतेच. म्हणून हा प्रश्न फक्त ॲप बदलून सुटणारा नाही. त्यासाठी रोखीचा हक्क टिकवावा लागेल.

मग करायचे काय?

मोबाईल फेकून द्या, असे मी सांगत नाही. एकाच तालुक्यात हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आहेत आणि ताम्हिणीकडच्या वाड्यांत फोनला रेंज शोधावी लागते. त्या वाडीतल्या माणसालाही ही वाट मिळाली पाहिजे. साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्याची १२३पे सोय मार्च २०२२ पासून आहे. ती किती वस्त्यांत कोणी शिकवली? हे काम आपले आहे.

मंडळाचे पैसे कोणा कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यावर घेऊ नका. नोंदणीकृत मंडळाच्या नावे बँकेत खाते काढा आणि बँकेकडूनच क्यूआर कोड घ्या. देणाऱ्याला बँकेचे ॲप किंवा भीम वापरता येते, हे सांगा. शेऱ्यात काही लिहायची गरज नाही, पावती आपण हाताने देऊ. पत्र्याचा डबाही ठेवा, म्हणजे ज्याला नाव न कळवता दहा रुपये द्यायचे आहेत त्याला देता येतील. हिशेब वहीत लिहा आणि जयंतीनंतर वस्तीसमोर वाचून दाखवा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एक वाक्य पाठ करून द्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा. बँकेने तक्रारीवर तीस दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आणि मागणी करा. ३० टक्क्यांची मर्यादा आता पुढे ढकलू नका. पैसे देताना आडनाव झाकण्याची सोय द्या. खेड्यातली बँक शाखा आणि रोखीची खिडकी बंद करू नका. कॉर्पोरेशन ही बँकांच्या मालकीची कंपनी आहे, तिच्यात खाजगी बँकाही आहेत, म्हणून तिलाही जाब विचारत राहा. २०२० साली तिला पर्याय म्हणून मोठ्या उद्योगसमूहांच्या यंत्रणा आणण्याचा प्रस्ताव आला होता. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी विरोध केला, पुढे तो बाजूला पडला. पण बाजूला पडलेले प्रस्ताव परत येतात.

त्या बैठकीत शेवटी कोड बँकेचाच लावायचे ठरले आणि डबाही राहिला. आजींनी पहिले वीस रुपये डब्यात टाकले. खजिना वाहणाऱ्यांची आपण लेकरे आहोत. पैसा कसा पोहोचवायचा हे आपल्याला कोणी शिकवू नये. आता त्या वाटेच्या मालकीबद्दल बोलायची आपली पाळी आहे.

जय भीम! जय संविधान!